पंधरा थरांखालचा नंबर

माझ्या टेबलावर टेस्ट रिपोर्ट पसरलेले होते. त्यांच्यावर मोटरसायकलची फ्रेम येऊन पडली. इंजिन, चाकं, टाकी, सीट असं सगळं काढून टाकलं की गाडीचा जो सांगाडा उरतो, ती फ्रेम.

"पावडर मार," फ्रेम आणणारे काका म्हणाले. "देसाई साहेब फोनवर बोलले, पावडर मारली का धा वर्षं बघायला नको."

देसाई सर माझे बॉस. आमचं कोटिंगचं युनिट पनवेलच्या इंडस्ट्रियल एरियात आहे. मी तिथे क्वालिटी बघते, म्हणजे मोजते, लिहून ठेवते आणि प्रॉडक्शनवाल्यांच्या शिव्या खाते. माणसांशी बोलायचं काम फ्रंट डेस्कवरच्या मुलीचं. त्या दिवशी तिची सुट्टी होती. मी जॉब कार्ड पुढे ओढलं आणि खाली बघूनच प्रश्न विचारायला लागले.

काकांचं नाव जनार्दन. उरणजवळच्या करंजाला त्यांची मासेमारीची बोट आहे, त्यामुळे सगळे त्यांना नाखवा म्हणतात. पावसाळ्याची मासेमारी बंदी लागली होती, बोट वर ओढून ठेवलेली होती, म्हणून आता गाडीकडे बघायला वेळ होता. गाडीला पंधरा वर्षं होत आली होती. दहा दिवसांनी आरटीओत री-पासिंग होतं.

"चेसिस नंबर?" मी विचारलं. हा नंबर फ्रेमच्या लोखंडात ठोकलेला असतो. आरटीओचा इन्स्पेक्टर त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतो. कागदावर नंबर उमटला आणि तो आरसीशी जुळला, तरच गाडी पास.

"हाय ना. तिथंच कुठंतरी असंल."

हँडल बसतं त्या नळीवर तो असायला हवा होता. नळी गुळगुळीत निळी होती. मी बोट फिरवलं. काहीच लागलं नाही.

मग मी माझं मीटर काढलं. लोखंडावर किती जाड थर आहे ते हे मीटर मायक्रॉनमध्ये सांगतं. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन. आमचं पावडर कोटिंगही साधारण तेवढंच. नाखव्यांच्या फ्रेमने एका ठिकाणी नऊशे दाखवले. हँडलच्या नळीवर तर मीटरने आकडा द्यायचंच नाकारलं. मला वाटलं मीटर बिघडलं. मी ते टेस्ट प्लेटवर तपासलं. ठीक होतं.

"काका, याला आधी काय लावलंय?"

"बोटीचा रंग."

"कधी?"

"दरवर्षी." माझा प्रश्नच कळला नसल्यासारखं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "नारली पुनवेच्या आदी बोट रंगवतो. डब्यात उरतो रंग. तो काय फेकायचा, बाय? गाडीला लावायचा. खारं वारं हाय आमच्याकडं. रंग नाय लावला तर गाडी दोन वर्षांत चाळणी होईल."

"म्हणजे चौदा कोट?"

"पंधरा. एका वर्षी पोरीच्या लग्नात दोनदा लावला."

मी कार्डावर 'चौदा' लिहिलेलं खोडलं.

पावडर कोटिंग आणि पेंट यांतला फरक सांगते. पावडर म्हणजे खरंच कोरडी पूड. तिला विजेचा चार्ज देऊन लोखंडावर उडवतात, ती चिकटून बसते. मग जॉब दोनशे डिग्रीच्या ओव्हनमध्ये जातो, पूड वितळते आणि कडक कवच तयार होतं. दगड लागला तरी सहसा ओरखडा पडत नाही. पेंट पातळ असतो. आधी प्रायमर, मग स्प्रे. थर बारीक बसतो, पण पावडरइतका दणकट नसतो. आमच्याकडे निम्म्याहून जास्त लोक "पावडरच मारा" म्हणत येतात. देसाई सरही तेच सांगतात. पेंटिंगचा बूथ मागच्या कोपऱ्यात आहे. तिथे इब्राहिमचाचा एकटे असतात आणि सरांना तो बूथ बंद करून तिथे रॅक ठेवायचे आहेत.

फ्रेम स्ट्रिपिंगला गेली. केमिकल लावल्यावर जुना रंग फुगून निघतो. नाखव्यांचा रंग निघता निघत नव्हता. निळ्याखाली हिरवा, त्याखाली भगवा, मग परत निळा. नाखवा स्टूल घेऊन समोर बसले आणि प्रत्येक रंगाला ओळख देत गेले.

"हा इंजिन बदललं त्या वर्षीचा. हा भगवा पोरीच्या लग्नाचा. हा हिरवा बायकोला आवडला नाय."

"मग काय केलंत?" चाचांनी विचारलं. ते बूथ सोडून बघायला आले होते.

"वर्षभर ऐकून घेतलं."

सगळ्यात शेवटी नळीवर नंबर दिसला. ठसे उथळ होते आणि दोन आकड्यांच्या कडा गंजाने खाल्ल्या होत्या. नाखव्यांनी स्टूल पुढे ओढलं. मग म्हणाले, "हा वाचता नाय आला तर गाडी घरीच. तिला पहाटे मावरं घेऊन उरणच्या बाजारात सोडतो मी. पंधरा वर्षं सोडतोय." ती म्हणजे बायको. मावरं म्हणजे मासे.

मला शंका आली. वितळलेली पावडर पसरते. उथळ खड्डा असेल तर त्यात भरून सपाट होते. मी एक भंगार पत्रा घेतला आणि जॉबच्या टॅगवर ठोकायच्या अक्षरांनी त्यावर माझं नाव ठोकलं, तेवढंच उथळ. त्याला पावडर मारून घेतली, थंड झाल्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली. 'सायली'तलं काहीच उमटलं नाही. मिटिंगमध्ये माझं साधारण हेच होतं, त्यामुळे वाईट वाटलं नाही. पण नाखव्यांच्या नंबरचंही हेच झालं असतं.

पत्रा घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. जाण्याआधी दोन मिनिटं बाहेरच्या कूलरवर पाणी प्यायले. तहान नव्हती.

"नंबरवर टेप लाव ना," सर स्क्रीनवरून नजर न हलवता म्हणाले. "नट-बोल्टच्या आट्यांना लावतोच आपण. ओव्हनमधून आलं की टेप काढायची, वर पातळ पारदर्शक लॅकर मारायचं. झालं."

बरोबर होतं. मलाही हे सुचलं होतं. मी "ओके सर" म्हणून बाहेर आले आणि परत आत गेले.

"सर, एक प्रश्न त्यांना विचारायचा राहिलाय."

"विचार की. मला का सांगतेस?"

नाखवा स्टुलावरच होते. हातात चहाचा कप होता आणि चाचांशी कुठल्या बंदराचं मावरं चांगलं यावर वाद चालला होता.

"काका, पावडर केल्यावर नारळी पौर्णिमेआधी गाडीला बोटीचा रंग लावणार का?"

"मंग?" ते म्हणाले. "बोट नवी नि गाडी जुनी दिसंल."

"पण दहा वर्षं बघायला लागणार नाही, म्हणून तर पावडर करताय."

"बघायला नको. पण रंग तर लावणारच ना."

चाचा हसायला लागले. "बेटा, कार्डावर लिही. कस्टमरचा इरादा पक्का आहे."

माझ्यापुरता तिथेच निकाल लागला. पावडरच्या गुळगुळीत कवचावर ब्रशचा रंग धड बसत नाही, पापुद्रे सुटतात. शिवाय टेप काढलेल्या जागी कवचाला कड राहते. ती कड बंदरावरच्या खाऱ्या हवेत उचलली की गंज आतल्या आत पसरतो आणि वरून सगळं छान दिसत राहतं. पेंट निघाला तर दिसतो. दिसला की माणूस ब्रश घेतो. पंधरा वर्षं दरवर्षी ब्रश घेणाऱ्या माणसाला ब्रश लागणारच नाही अशी वस्तू देणं चुकीचं होतं. त्यांनी तरीही तो घेतला असता.

तिसऱ्यांदा केबिनमध्ये गेले.

"कस्टमरने पावडर मागितली, मी पावडर म्हटलं, आणि तू त्यांना परत पाठवतेस?" सरांनी विचारलं.

"परत नाही सर. मागच्या बूथमध्ये."

सर खुर्चीत मागे टेकले. "उद्या सगळे पेंट मागायला लागले तर?"

"सगळे दरवर्षी बोट रंगवत नाहीत, सर."

एवढं ठाम वाक्य मी त्यांच्यासमोर पहिल्यांदाच बोलले असावे. त्यांनी पत्रा हातात घेतला, माझ्या नावावर अंगठा फिरवला, आणि म्हणाले, "पासिंग झालं नाही तर त्यांचा फोन तू घ्यायचा."

मी फोन घ्यायचं टाळते हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे.

चाचांनी फ्रेमला गंज धरू न देणारं इपॉक्सी प्रायमर मारलं, वर निळा पेंट. नंबरच्या जागी अगदी हलका हात. माझ्या मीटरवर तिथे चाळीस मायक्रॉन आले. पेन्सिल घासली, नंबर उमटला. गंजलेले दोन आकडे फिके होते, पण वाचता येत होते. मी कागद नाखव्यांना दिला आणि अर्धा दिवस तयारी केलेलं वाक्य बोलले.

"काका, दरवर्षी रंग लावा. फक्त या नंबरवर लावू नका."

"नाय लावनार," ते म्हणाले. कागद त्यांनी आरसीच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवला.

पासिंगच्या दिवशी मी फोन डेस्कवर उलटा ठेवला होता. वाजला. चाचांनी उचलून माझ्या कानाला लावला.

"झाली पास," नाखवा म्हणाले आणि फोन ठेवला. त्यांनाही फोनवर बोलणं आवडत नसावं.

नारळी पौर्णिमेच्या आठवडाभर आधी गेटवर हॉर्न वाजला. नाखवा गाडी घेऊन आले होते, मागच्या सीटवर बायको, तिच्या हातात सुक्या बोंबलांची पिशवी. फ्रेम पिवळीधमक होती. ब्रशने रंगवलेली. नंबरच्या जागी मात्र चाचांचा निळा तसाच होता, कडेने सरळ रेषा मारून चौकोनात सोडलेला.

आणि त्या चौकोनाच्या खाली, फ्रेमच्या लांब नळीवर, बोटीच्या तोंडावर लिहितात तसा अख्खा चेसिस नंबर पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेला होता.

"म्हंजे पुढच्या वेळेस कुणाला शोधत बसायला नको," नाखवा म्हणाले.

"मी म्हनलं, शेवटाला आईची कृपा पन लिव्हा," त्यांची बायको म्हणाली. "जागा नाय उरली."

देसाई सर बाहेर येऊन गाडीभोवती एक चक्कर मारून गेले. चाचांचा बूथ अजून आहे. रॅक पार्किंगमध्ये आहेत. बोंबलांची पिशवी मी एसी चालू असलेल्या ऑफिसात ठेवली, त्याबद्दल मला दोन दिवस बोलणी बसली.

आमच्या जॉब कार्डावर पूर्वी 'कोणतं कोटिंग हवं?' हा शेवटचा प्रश्न असायचा. आता त्याखाली मी एक ओळ वाढवली आहे: 'यानंतर तुम्ही यावर काय लावणार आहात?' बहुतेक लोक 'काही नाही' लिहितात. त्यातल्या करंजाहून आलेल्यांना मी तोंडी परत विचारते.