लोण्याचा गोळा

भाजणीचं थालीपीठ तव्यावर पडल्याचा वास आला की मला दादरचं ते छोटं हॉटेल आठवतं, जिथे भाकरी, मोडाची उसळ, थालीपीठ असं घरचं खाणं पाच मिनिटांत आणि स्वस्तात मिळायचं. तेव्हा मी परळला नोकरीला लागले होते, खोलीवर एकटीच राहायचे, आणि कित्येक दिवस माझं बोलणं व्हायचं ते तिथे ऑर्डर देण्यापुरतंच. खुर्ची रिकामी दिसली की अनोळखी माणसासमोरही बसायचं, हा तिथला रिवाज. एका दुपारी समोर एक आजोबा पेपर वाचत होते. थालीपीठ आलं तसा त्यांनी लोण्याचा गोळा चमच्याने उचलला आणि वर न बघताच माझ्या प्लेटमध्ये ठेवला. मग एकदम दचकले. "सॉरी हं. मला लोणी बंद आहे, म्हणून हिच्या ताटात टाकायची सवय. ती जाऊन दोन महिने झाले, पण हात ऐकत नाही." "राहू द्या आजोबा, मला आवडतं," मी म्हटलं आणि सगळं पुसून खाल्लं. आता लोणी मलाही बंद आहे. काल तिथे गेले, तर एकट्यांसाठी भिंतीकडे तोंड करून बसायची फळी केलीय. मी लोण्याचा गोळा चमच्यात उचलला, आणि समोर नुसती भिंत.