कोतवालाविरुद्ध चंद्रभागेची फिर्याद

मखमलाबादच्या चावडीत तलाठ्याने नोटीस वाचून दाखवली, तेव्हा चंद्रभागेने ती त्याच्या हातातून ओढूनच घेतली आणि लेकीपुढे धरली.

"तू वाच, सुवर्णा. सावकाश वाच."

सुवर्णा बारावी झालेली. तिने वाचलं. केरूने गट नंबर अमुकमधल्या आपल्या दीड एकरावरचा हक्क धाकटा भाऊ बहिरू याच्या लाभात सोडून दिला होता. हक्कसोडपत्र नोंदवलेलं होतं, खाली केरूची सही होती. कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत कळवावी. तारीख जुलै २००३ ची.

"म्हंजे जित्ता हाय," चंद्रभागा म्हणाली. तिच्या तोंडावर आनंद बिलकूल नव्हता.

बारा वर्षांपूर्वी, एक्क्याण्णवच्या सिंहस्थात, तिचा नवरा केरू त्र्यंबकला झेंडू पोचवायला जायचा. साधूंच्या आखाड्यांना रोज फुलं लागायची. नाशकात वैष्णव उतरले होते, त्र्यंबकला शैव. त्यातल्या एका नागा आखाड्याचं काम केरूकडे आलं होतं. अंगाला राख फासलेले, हातात तलवारी-भाले घेतलेले ते साधू पाहून तो घरी आला की तासन्‌तास त्यांच्याच गोष्टी सांगायचा. हे नुसते गोसावी नाहीत, ही फौज आहे, देवाधर्मासाठी लढलेली फौज, असं म्हणायचा. चंद्रभागा ऐकायची आणि फुलं ओवायची. एक दिवस तो गेला तो आलाच नाही. सायकल तेवढी एका चहावाल्याकडे सापडली; केरू त्या नाग्यांबरोबर निघून गेला, एवढंच त्याने सांगितलं.

सुवर्णा तेव्हा सहा वर्षांची होती. सासू, चिमणाबाई, दारात बसून वाट बघायची. चंद्रभागेला वाट बघत बसायला सवड नव्हती. कालव्याचं पाणी धरायचं, वाफे करायचे, दिवस उजाडायच्या आत फुलं तोडून सराफ बाजारातल्या फूलबाजारात न्यायची, हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर पडलं. दीर बहिरू एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कायम नोकरीला, नाशिक रोडला त्याचं पक्कं घर. तो सणावाराला यायचा आणि बांधावर उभा राहून म्हणायचा, "वहिनी, दादा येईपर्यंत सांभाळा." चिमणाबाई गेली तेव्हा अग्नी द्यायला तो होता, पण शेवटचे आठ महिने तिचं हगणंमुतणं चंद्रभागेनेच काढलं होतं.

आणि आता हा कागद.

नाशिकच्या कोर्टात प्रतिभाताई म्हणून एक वकील होत्या. त्यांनी नोटीस वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"तुमचे यजमान नागा झालेत ना? दीक्षा घेतली असेल तर त्यांनी स्वतःचं पिंडदान केलेलं असतं. जो माणूस असा संन्यास घेतो, तो कायद्याच्या दृष्टीने संसाराला मेला. त्याची मिळकत त्याच दिवशी वारसांकडे जाते. मग आज केलेल्या या सहीला अर्थ राहत नाही. पण नुसती भगवी घातली म्हणून कोर्ट मानत नाही. विधी कधी झाला, कुठे झाला, याचा पुरावा लागेल."

"तो कोण देईल?"

"आखाडा. दुसरं कोणी नाही."

हरकतीचा अर्ज प्रतिभाताईंनी मुदतीत भरला. पहिलं शाही स्नान होऊन गेल्यावर मायलेकी एसटीने त्र्यंबकला गेल्या. रस्त्याच्या कडेला पत्र्याची कुंपणं, भगवे झेंडे, चिखल आणि पोलीस. विचारत विचारत त्या आखाड्याच्या फाटकाशी पोचल्या. आणि फाटकातच, हातात चांदीचा दंड घेऊन, कमरेला भगवं फडकं गुंडाळलेला केरू उभा होता.

जटा खांद्यापर्यंत आल्या होत्या. पण उभं राहताना डावा पाय बाहेर टाकायची त्याची सवय तशीच होती. त्याने तिला ओळखलं. नजर लगेच तिच्या डोक्यावरून पलीकडे नेली आणि हिंदीत म्हणाला, "माई, दर्शन उधर से."

"माई?" चंद्रभागेचा आवाज चढला. "मी तुझी माई झाली व्हय रं?"

आसपासचे भाविक थांबले. केरू खालच्या आवाजात मराठीत म्हणाला, "इथं बोलू नको. केरू मेला. मी पंचाण्णव साली प्रयागला माझा पिंड पाडला. आईबापाचा पाडला. आता माझं कोणी नाही."

"आईचा बी पाडला? ती बसली व्हती की तव्हा दारात तुझी वाट बघत! चार वर्षं झाली ती गेल्याला."

काही तरी विचारायला केरूने तोंड उघडलं, पण तिने त्याला बोलू दिलं नाही. पिशवीतून नोटीस काढून त्याच्या तोंडासमोर धरली. "आणि मेल्यावर ही सही कुणी केली?"

त्याने नोटीस हाताने बाजूला सारली.

त्या गडबडीने आतून एक महंत बाहेर आले. वयाने पन्नाशीचे, मूळचे खानदेशातले, संन्यास घेण्याआधी शाळामास्तर होते. त्यांनी दोघींना बाजूला बसवलं आणि नोटीस वाचली.

"बाई, आमच्याकडे राजा नसतो," ते म्हणाले. "मोठा महंत असला तरी एकटा काही ठरवू शकत नाही. पंच निवडलेले असतात, ते बसून निवाडा करतात. तुमची फिर्याद पंचांपुढे जाईल. पण रीत अशी आहे, की फिर्याद कोतवालाने, म्हणजे फाटकावरच्या पहारेकऱ्याने, पुढे न्यायची." मग केरूकडे वळून म्हणाले, "आणि कोतवाल तूच आहेस."

तीन दिवस केरूने फिर्याद नेली नाही. आज पंच स्नानाच्या तयारीत आहेत, आज अमुक महंत आजारी आहेत. तीन दिवस चंद्रभागा सकाळच्या एसटीने आली आणि फाटकासमोर, त्याच्या पुढ्यात, दिवसभर बसून राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याने विचारलं की ती बोटाने दाखवायची, "ह्यो माझा नवरा. ह्यो मेलाय." लोक हसायचे. चौथ्या दिवशी केरूने दंड जमिनीवर आपटला आणि आत जाऊन वर्दी दिली.

मंडपात आठ महंत अर्धगोल बसले होते. मधोमध आखाड्याचा भाला उभा केलेला, त्याच्या पात्याला शेंदूर आणि झेंडूच्या माळा. चंद्रभागेने सवयीने फुलं पाहिली, शिळी होती. खानदेशी महंतांनी हकीकत हिंदीत सांगितली आणि शेवटी म्हणाले, बाईंना आपल्या दीक्षेच्या वहीचा उतारा, शिक्का मारून, मिळावा.

सगळ्यात वृद्ध महंत उसळले. आखाडा आद्य शंकराचार्यांनी स्थापन केला, नियम त्यांचे आहेत, बाराशे वर्षांत आखाड्याने कचेरीसाठी कुणा बाईला कागद दिलेला नाही आणि देणारही नाही.

"महाराज, आचार्यांनी मठ स्थापले," खानदेशी महंत म्हणाले. "आखाड्यांचा उल्लेख त्यांच्या लिखाणात कुठे आहे? हत्यार आपण फार मागाहून उचललं, असं सांगणारेही आहेत. कोणी म्हणतं निःशस्त्र संन्याशांच्या रक्षणासाठी, कोणी म्हणतं आपले लोक राजांच्या आणि नबाबांच्या फौजेत पगारावर लढले. नियम पंचांनी केले, वेळोवेळी केले. म्हणून पंच ते बदलूही शकतात."

झालं. आठही महंत एकदम बोलू लागले. कुणी संवत सांगितला, कुणी त्याच्या आधीचा सांगितला, कुणी कुठल्याशा लढाईत किती नागा पडले त्याचा आकडा सांगितला. पगारी हा शब्द मागे घ्या, म्हणून एक जण उठून उभाच राहिला. अर्धा तास असाच गेला. सुवर्णा आईच्या कानात अर्थ सांगत होती. ऐकता ऐकता चंद्रभागेच्या कानशिलांवरच्या शिरा ताठ झाल्या.

ती उठली.

"ओ महाराज!"

सगळे तिच्याकडे वळले.

"तुमचा आखाडा शंकराचार्यांनी काढला का नबाबाच्या शिपायांनी, त्ये तुम्ही मागून ठरवा. तुमचं तुम्हालाच ठाव नाय, तर मला काय सांगता? मला एकच सांगा." लग्नानंतर वीस वर्षांत तिने नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय कधी घेतलं नव्हतं. ते तिने आता मोठ्याने घेतलं. "ह्यो केरू मेलाय का जित्ता हाय? मेला असंल तर मेल्याची सही चालत नाय, तसं लिहून द्या. जित्ता असंल तर काढा त्याची भगवी आन्‌ पाठवा माझ्यासंगं. वाफे खुरपायचे पडलेत. बायकोला मेलेला आन्‌ भावाला जित्ता, असा कुठला साधू व्हतो?"

सुवर्णाला हे हिंदीत सांगायची वेळच आली नाही. सगळ्यांना कळलं होतं.

खानदेशी महंतांनी केरूला पुढे बोलावलं. "सही कशी केलीस?"

केरू भाल्याकडे बघत म्हणाला, "बहिरू फळं घेऊन आला. म्हणाला, दादा, जमिनीत तुझं नाव आहे तोवर तू अडकलेला आहेस. सही कर, सुटशील. मला वाटलं, खरंच सुटेन."

"तू सुटायचं आन्‌ आम्ही उघड्यावर पडायचं!" चंद्रभागा ओरडली. "पुसलंस का एकदा तरी, तुझी पोरगी कुठं जाईल? समोर बसलीय. बघ तिच्याकडं."

केरूने पाहिलं नाही.

पंचांनी मत घेतलं. पाच जण कागद द्यावा म्हणाले, तीन जण देऊ नये म्हणाले. वृद्ध महंतांनी सही करायला नकार दिला. बाकीच्यांच्या सह्या पुरेशा होत्या. वहीतली तारीख, गुरूचं नाव, पिंडदान आणि संन्यासाचा विरजा होम पुरा झाल्याची नोंद, असा उतारा शिक्क्यासह सुवर्णाच्या हातात पडला. दीक्षेनंतर जुन्या नावाने सही केली म्हणून केरूचं कोतवालपद काढून घेतलं आणि कुशावर्त कुंडात एकशे आठ डुबक्या घ्यायची शिक्षा झाली. दंड खाली ठेवताना त्याचा चेहरा अगदी लहान दिसला.

"एकशे आठ डुबक्या," फाटकाबाहेर आल्यावर चंद्रभागा म्हणाली. "तासाभराचं काम. मी बारा वर्षं गुडघाभर चिखलात हाय, माझ्या मोजल्या का कुणी?"

सुवर्णा म्हणाली, "आई, कागद मिळाला ना?"

"मिळाला. भीक घातल्यासारखा मिळाला. माझ्याच जमिनीसाठी."

एवढ्यावर संपलं नाही. बहिरूने कोर्टात सांगितलं, की उतारा खोटा आहे, आखाड्याची वही म्हणजे सरकारी दप्तर नव्हे. तारखांवर तारखा पडल्या. खानदेशी महंतांना साक्षीला बोलावलं, ते एकदा आले, दुसऱ्यांदा आले नाहीत. प्रतिभाताई नेटाने लढल्या. दरम्यान सुवर्णा डी.एड. होऊन आडगावच्या शाळेत लागली. २००८ साली निकाल चंद्रभागेच्या बाजूने लागला. बहिरूने त्या दिवसापासून भावकीत तोंड दाखवणं सोडलं आणि तिलाही त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

नाव लावायला ती चावडीत गेली. तलाठी आता नवा होता. फेरफार लिहिता लिहिता तो म्हणाला, "मयत केरू यांची विधवा चंद्रभागा, बरोबर?"

"विधवा नका लिहू."

"मग काय लिहू? दुसरा शब्द नाही हो मावशी. तो मेला म्हणूनच तर जमीन तुमच्या नावावर येतेय."

कपाळावरच्या कुंकवाकडे तो बघत होता हे तिला दिसलं. तिच्या तोंडात आलेलं सगळं तिने गिळलं. "लिहा," ती म्हणाली. "तुम्हाला बी आन्‌ त्यांना बी माणूस कागदावरच मारायला येतो." सुवर्णाने शिकवलेली सही तिने एवढी दाबून केली, की अक्षरं खालच्या पानावर उमटली. कुंकू मात्र तिने पुसलं नाही. शेजारच्या आक्काबाईने एकदा हळूच विषय काढला, तेव्हा तिने असं काही पाहिलं, की आक्काबाईने पुन्हा तो काढला नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी त्र्यंबकचा एक फुलवाला बाजारात भेटला. म्हणाला, तुमचे महाराज आता हरिद्वारला मोठ्या पदावर आहेत, पंचांनी पुन्हा निवडून दिलं, लोक पाया पडतात.

"पडू द्या," चंद्रभागा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती शेवंती तोडायला वाफ्यात उतरली. नेहमी तिचा हात हलका चालायचा, देठ लांब राहायचा, फूल दुखायचं नाही. त्या दिवशी अर्धी टोपली भरल्यावर सुवर्णा म्हणाली, "आई, नुसत्या पाकळ्याच येताहेत गं हाताला."

चंद्रभागा पुढच्या ओळीला लागली.