केळीच्या बुंध्याजवळचे मूग

मेहरूणच्या एका शाळेत मी छोट्या गटाला शिकवते. चार वर्षांची पंचवीस मुलं, म्हणजे एकाची चप्पल सापडेपर्यंत दुसऱ्याचा डबा सांडलेला असतो. गाणी, मणी मोजणं, मातीकाम आणि शनिवारी चिकटकाम. माझा आवाज चढा आहे आणि मला पसारा अजिबात खपत नाही. पालक म्हणतात, मॅडमच्या वर्गात शिस्त असते. हे ऐकून मी इतकी वर्षं सुखावत आले.

पालकदिनाच्या आधी आम्ही शिक्षिका एक काम करायचो. त्याला आम्ही ‘टच-अप’ म्हणायचो. मुलं घरी गेली की त्यांची चित्रं पुढ्यात घ्यायची, रेषेबाहेरचा रंग खोडायचा, वाकडं नाक सरळ करायचं आणि मग ती मुलांच्या नावाने भिंतीवर लावायची. एका वर्षी तर माझ्या भिंतीवरची सगळी मांजरं सख्ख्या बहिणी दिसत होती. पालक खूश, मुख्याध्यापिका खूश. मुलांना कुणी विचारत नसे.

पुढे एका वर्षी कागदावर केळीच्या झाडाची नुसती बाह्यरेषा छापून दिली होती. आत डाळी चिकटवायच्या: पानांना आणि खोडाला मूग, घडाला हरभऱ्याची डाळ. वर्गात भडगावकडची एक मुलगी होती. वडील गावची शेती भावाकडे सोपवून इथे गाडी चालवायला आलेले. ती फारशी बोलत नसे. त्या दिवशी मात्र जीभ बाहेर काढून, एकेक मूग चिमटीत धरून ती लावत बसली. डब्याची घंटा झाली तरी उठेना. मी दोनदा ओरडले तेव्हा उठली.

दुपारी मी टच-अपला बसले. तिची केळ सुरेख भरली होती. पण बुंध्याशी, रेषेच्या बाहेर, मुगांचा एक पुंजका चिकटला होता. सांडले असतील, असं म्हणत मी ते नखाने खरवडले आणि कागद ओल्या फडक्याने पुसला. मिनिटसुद्धा लागलं नाही.

पालकदिनाला वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले. तिने त्यांचं बोट धरून त्यांना भिंतीपाशी नेलं. चित्र दाखवायला हात वर केला, तो तसाच राहिला. वडील वाकून बघत हसले. म्हणाले, “केय झकास शे. पण पील कोठे शे वं माय? इसरी गई का?”

पील म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटणारं तिचं पिल्लू. मोठी केळ कापली की पुढचं पीक त्याच्यावर. माझं माहेर केळीवाल्या गावातलं. पिलांमधून धावतच मी मोठी झाले. मला कळायला हवं होतं. नाहीच कळलं, तर निदान तिला विचारायला हवं होतं.

“मी लायेल व्हतं,” ती म्हणाली आणि माझ्याकडे पाहू लागली. रागाने नाही. आता मॅडम सांगतील, अशा खात्रीने.

मुख्याध्यापिका शेजारीच उभ्या होत्या. मी म्हणाले, “पुढच्या वेळी नीट लक्ष देऊन लावेल हं ती.” वडिलांनी मान डोलावली. चार वर्षांच्या पोरीला तिच्या बापासमोर खोटं पाडून मी पुढच्या पालकांकडे वळले. याची मला आजही लाज वाटते.

वडिलांना खरं सांगायचं मी रोज ठरवत होते. शाळा सुटताना ते फाटकाशी दिसले की मी हजेरीच्या वहीत डोकं खुपसायचे. असं करता करता वर्ष संपलं. पुढच्या वर्षी ते कुटुंब धुळ्याला गेलं. टच-अप मी बंद केलं, पण तिच्या कामाचं ते नव्हतं.

ती जाण्याआधी, त्याच वर्षाच्या शेवटच्या शनिवारी चिकटकामाला कोंबडी होती. बाकीची मुलं डिंकात हात बरबटून बसली होती. ती मुलगी एकही दाणा न लावलेला कागद आणि मुगांची वाटी घेऊन माझ्या टेबलापाशी आली. दोन्ही माझ्यापुढे नीट ठेवून म्हणाली, “मॅडम, तुम्हीच लावा. मंग चांगलं व्हस.”