फेट्याखालचं डोकं

रिबेराच्या धक्क्यापाशी, चिंचेच्या झाडाखाली, दोना वाल्देलिसे आकाराजे नावाचे वडे तळायला बसते. चवळीचं पीठ फेसून फेसून ती असं हलकं करते, की लाल पामतेलात सोडलेला वडा क्षणभर बुडतो आणि टुणकन वर येतो. मग तो मधोमध चिरायचा, आत भेंडीची भाजी आणि सोडे कोंबायचे आणि गिऱ्हाईकाला विचारायचं, "गरम की गार?" गरम म्हणजे तिखट. बाहेरगावचे पाहुणे हौसेने "गरम, गरम!" म्हणतात आणि मग शेजारच्या शहाळेवाल्याची चंगळ होते.

या धंद्याचा पोशाख ठरलेला आहे. घेरदार पांढरा परकर, गळ्यात मण्यांच्या माळा, डोक्यावर पांढरा फेटा. बाकीच्या बाया उकाड्यात त्या फेट्याच्या नावाने बोटं मोडतात. वाल्देलिसेने मात्र कधी तक्रार केली नाही. खरं सांगायचं तर फेट्यासाठीच ती या धंद्यात पडली, पण हे ती कुणाजवळ कबूल करायची नाही.

कारण फेट्याखाली तिचे केस होते. लहानपणी तिची आई दर रविवारी लोखंडी फणी निखाऱ्यावर तापवून ते केस सरळ करायची आणि घरभर जळका वास सुटायचा. सोमवारी दुपारपर्यंत समुद्राची दमट हवा लागली की केस पुन्हा जसेच्या तसे. शाळेतली पोरं तिला 'घासणी' म्हणायची. पुढे लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा अदाल्तो उठला, त्याने उशीवरचं ते डोकं पाहिलं आणि तो पोट धरून हसत सुटला. "अगं, यात कोंबडी उबवायला बसवू या का?" त्या दिवसापासून वाल्देलिसे झोपतानाही डोक्याला फडकं बांधायला लागली. अदाल्तो पुढे गेला. मेला नाही, साओ पाउलोला गेला. मेला तो नंतर, तिथेच. कोंबडी मात्र वाल्देलिसेच्या डोक्यात कायमची बसली.

आणि आता, पन्नाशी उलटल्यावर, देराल्दो.

देराल्दो म्हणजे पलीकडच्या प्लाताफोर्माला होडी नेणारा विधुर. बोलणं बेताचं, मिशी मात्र भरपूर. रोज संध्याकाळी शेवटची फेरी झाली की तो चिंचेखाली यायचा आणि एक वडा खायचा, गरम, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एके दिवशी त्या पाण्याच्या आडूनच त्याने विचारून टाकलं, "वाल्दे, तुम्ही एकट्या, मी एकटा. दोन चुली कशाला पेटवायच्या?"

"बघू," वाल्देलिसे म्हणाली.

"बघू म्हणजे?"

"बघू म्हणजे बघू. खा मुकाट्याने, वडा निवतोय."

हे 'बघू' पावसाळ्यापर्यंत चाललं. अखेर एका संध्याकाळी देराल्दोने वडा हातातच धरून ठेवला. "सेंट जॉनच्या सणाला माझी लेक येतेय, अराकाजूहून. मला न्यायलाच येतेय. तुम्ही हो म्हणालात तर तिला सांगेन, जेव आणि परत जा. नाही म्हणालात तर होडी विकून तिच्याबरोबर जाईन. रोज तुमच्यासमोर बसायचं आणि मग एकट्याने घरी परतायचं, हे आता माझ्याच्याने होत नाही."

घरी आल्यावर वाल्देलिसे चुलीपाशी बसून ढसाढसा रडली. तिची भाची जुसारा तिच्याकडेच राहायची आणि केसांच्या सामानाच्या दुकानात काम करायची. आत्याचं डोकं उघडं पाहिलेलं रिबेरातलं ती एकमेव माणूस.

"आत्या, तुला तो आवडत नाही का?"

"आवडतो गं मेले! म्हणून तर रडतेय. त्याला काय, फेटा दिसतो. लग्नानंतर काय फेटा घालून झोपू त्याच्या शेजारी? हसला तर? अदाल्तो हसला ते मी पचवलं. हा हसला तर मला नाही पचायचं."

जुसाराने पदर खोचावा तशा बाह्या वर सारल्या. "रडू नकोस. सण यायच्या आत तुझ्या केसांना वळण लावते की नाही बघ!"

झालं, घरात डबे-बाटल्यांचा पूर आला. हल्ली केसांनाही शाळेसारखे वर्ग असतात. जुसाराने तपासून सांगितलं, आत्या शेवटच्या वर्गात. "माहीत होतं मला," आत्या म्हणाली. "शाळेतही तिथेच होते."

पहिलं मलम लावलं तर केस वाळलेल्या काथ्यासारखे ताठ झाले. दुसऱ्याने इतके मऊ झाले की फणी घातली तर फणीच हरवली. तिसऱ्याला नारळाचा असा काही वास, की धक्क्यावरचं मांजर फेट्याकडे बघून ओठ चाटायला लागलं. शेजारणीने मक्याच्या पिठाची पेज लावायला सांगितली. ती वाळली आणि दोन दिवस आत्या मान हलवायला भीत होती. कुणीतरी पिकलेलं अ‍ॅव्होकाडो सुचवलं. सकाळी उशीवर मुंग्यांची ही भलीमोठी रांग.

मग वाल्देलिसेने स्वतःचं डोकं चालवलं आणि पंचाईत केली. तिच्या मनात आलं, ज्या लाल तेलाने मला आयुष्यभर पोसलं, ते माझ्या केसांचं वाईट कशाला करेल? जुसारा दुकानात गेल्यावर तिने पळीभर पामतेल डोक्यावर थापलं, वर फेटा बांधला आणि धंद्यावर जाऊन बसली. उन्हं तापली. तेल पातळ झालं. पांढऱ्याशुभ्र फेट्यावर कपाळापासून एक केशरी डाग उगवला आणि बघता बघता पसरत गेला.

"दोना वाल्देलिसे, आज वडे डोक्यात तळताय की काय?" शहाळेवाला ओरडला.

"तुझ्या तोंडात तळीन! शहाळी सोल!"

दोन कुत्री घरापर्यंत तिच्या मागे आली. जुसाराने तीनदा साबण लावून डोकं धुतलं. हसून हसून तिच्या हातांत जोर उरला नव्हता आणि शेवटी आत्यालाही हसू फुटलं. पण पाठ टेकल्यावर तिला रडूच आलं. सण दाराशी आला होता आणि डोकं तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भेंडी चिरत बसली होती. या भाजीची भेंडी डोळ्यात घालण्याइतकी बारीक चिरावी लागते आणि तिची तार सुटून हात कोपरापर्यंत बुळबुळीत होतात. फडक्यातून एक बट सारखी कानावर येत होती. वाल्देलिसेने वैतागून त्याच हाताने ती मागे ढकलली. पुन्हा आली, पुन्हा ढकलली. मग ती बट गप्प बसली.

जुसारा जेवायला आली आणि दारातच थबकली. "आत्या, कानामागे काय लावलंस?"

"काही नाही गं."

"मग ही बट अशी कशी वळली?"

वाल्देलिसेने आरशात पाहिलं. ती एक बट छान गोल गोल वळून, चकाकत, कानाशी लोंबत होती. बोटाने ओढली तर लांब झाली, सोडली तर परत आपल्या जागी गेली. आयुष्यभर तिच्या डोक्यावरचा एकही केस असा शहाण्यासारखा वागला नव्हता.

"भेंडी," ती पुटपुटली. "अगं, भेंडी लागली असेल."

दोघींनी धंद्याच्या भेंडीवर डल्ला मारला. पातेलंभर उकळली, फडक्यातून गाळली आणि तो बुळबुळीत रस बटे-बटेला लावला. संध्याकाळपर्यंत सगळं डोकं वळणांनी भरून गेलं. वाल्देलिसे आरशासमोरून उठेना. "बाई गं," एवढंच ती म्हणत राहिली. इतका आनंद तिला स्वतःच्या डोक्याकडे बघून कधी झाला नव्हता.

सणाच्या दिवशी संध्याकाळी गल्लीगल्लीत शेकोट्या रचल्या होत्या, मक्याची कणसं भाजत होती, अकॉर्डियन सुरू झालं होतं. दुपारी पुन्हा बटे-बटेला भेंडीचा रस लावून झाला होता. वाल्देलिसे नवा झगा घालून, डोकं उघडं टाकून दारापर्यंत गेली. तिथे तिचं धैर्य संपलं. परत फिरून तिने खुंटीवरचं फडकं घेतलं आणि करकचून बांधलं.

"आत्या!" जुसारा किंचाळली.

"गप. नंतर सोडीन."

देराल्दो धक्क्यावर होडीपाशी उभा होता, इस्त्रीचा चौकटीचा सदरा घालून. बारीक पाऊस भुरभुरत होता. वाल्देलिसेला पाहून त्याने टोपी काढली. "काय ठरलं?" त्याने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नसेल.

"आधी बघा, मग विचारा," वाल्देलिसे म्हणाली आणि तिने फडकं ओढून काढलं.

पाऊस थेट डोक्यावर आला. भेंडीचा रस विरघळला, ओघळत कपाळावर आला, भुवईवरून नाकावर उतरला. दुपारभर राबून घातलेली वळणं एकेक करून सुटली आणि केस, जे कोणाच्या बापाचं ऐकत नव्हते ते केस, चारी बाजूंनी फुलून उभे राहिले. वाल्देलिसेने डोळे घट्ट मिटले. आता हसेल, तिला वाटलं. आता.

देराल्दो हसला नाही. त्याने जवळ येऊन ते डोकं सगळ्या बाजूंनी नीट पाहून घेतलं.

"हे सगळं तुमचं?" शेवटी त्याने विचारलं.

"मग काय शेजारणीचं?"

"नाही, म्हणजे... मला वाटलं होतं, तुम्हाला टक्कल आहे."

वाल्देलिसेने एक डोळा उघडला. "काय?"

"फेटा कधी सुटलेला पाहिला नाही. सणालाही नाही, चर्चमध्येही नाही. म्हटलं, असेल टक्कल, बिचारी लपवत असेल. लेकीलाही बजावून ठेवलंय, त्यांच्या डोक्याबद्दल चकार शब्द काढायचा नाही."

"आणि टकली समजून मला मागणी घातलीत?"

"तुम्हाला घातली," देराल्दो म्हणाला. "डोक्याला नाही."

वाल्देलिसेच्या तोंडून 'हो' बाहेर पडलं ते हसण्यात आणि रडण्यात इतकं मिसळून, की त्याला दुसऱ्यांदा विचारावं लागलं. दुसऱ्यांदा ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की अकॉर्डियनवाला वाजवायचा थांबला.

मग देराल्दोने ओशाळत खिशातून एक पुडकं काढलं. "लेकीने विणलीय. तुमच्यासाठी. पावसाळ्यात उघड्या डोक्याला गार लागतं म्हणून."

आत पिवळ्या लोकरीची टोपी होती. वाल्देलिसेने ती तिथल्या तिथे डोक्यावर चढवली. ती वर उडाली. देराल्दोने दोन्ही हातांनी दाबून बसवली, ती पुन्हा उडाली. भर पावसात, सगळ्या रिबेरादेखत, दोघं किती तरी वेळ त्या टोपीशी झटत होती आणि टोपी काही केल्या बसत नव्हती.