धुळ्याच्या काचेच्या घरात कोण राहतं?

किशोरभाऊंचा फोन आला तेव्हाच मला काहीतरी खटकलं. "मॅडम, नकाशे मस्त झालेत. फक्त फायनल करायच्या आधी एकदा धुळ्याला चला. एक घर दाखवायचंय."

नकाशे मस्त झालेत, तर धुळ्याला कशाला? क्लायंट आर्किटेक्टला दुसऱ्याचं घर दाखवायला नेतो तेव्हा त्याच्या डोक्यात बहुतेक दुसरा आर्किटेक्ट असतो. नवऱ्याला म्हटलं, "हे काम हातचं जातंय." तो म्हणाला, "मग कुणाकडे जातंय ते तरी बघून ये." निघाले.

किशोरभाऊंचं जळगावात कापडाचं दुकान आहे. आमची ओळख मात्र मॉडेलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची. खोक्यात सुटे भाग येतात, ते जोडून मी छोटी घरं आणि स्टेशनं करते, ते जहाजं करतात. या छंदामुळे मला एक खोड लागली आहे. खोक्यावरच्या चित्रावर माझा विश्वास बसत नाही. चित्रात सगळं जुळलेलं असतं, प्रत्यक्षात दार चौकटीत बसत नाही आणि तासभर घासत बसावं लागतं. हल्लीची घरंही अशीच चित्रावरून ठरतात. पांढऱ्या भिंती, जमिनीपासून छतापर्यंत काच, आणि अख्ख्या चित्रात माणूस औषधालाही नाही.

नाशिकरोडहून सकाळची गाडी पकडली तर जेवणाच्या वेळेला जळगाव येतं. एप्रिलात जाणार असाल तर एसीचं आरक्षण आधीच करा, कारण मनमाड सोडलं की खिडकीतून भट्टीसारखी हवा येते. किशोरभाऊ राहतात त्या पिंप्राळ्याला स्टेशनवरून रिक्षा मिळते, भाडं बसण्याआधी ठरवा. हॉटेलं स्टेशनजवळ भरपूर आहेत, पण मला किशोरभाऊंनी घरीच उतरवून घेतलं. का, याचाही मी विचार केलाच.

त्यांच्या बायकोनं, सरोजभाभींनी, दालबाटी वाढली. बोलल्या फारच कमी. जेवण झाल्यावर किशोरभाऊंनी काचेचं कपाट दाखवलं. जहाजांच्या मधोमध मी पाठवलेलं त्यांच्या नव्या घराचं पुठ्ठ्याचं मॉडेल होतं. वाकून पाहिलं आणि थबकले. पश्चिमेची भिंत मी बंद ठेवली होती, वर फक्त दोन लहान खिडक्या. आता ती भिंतच नव्हती. शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक प्लॅस्टिक कापून तिथे बेमालूम चिकटवलं होतं.

"हे कुणी केलं?"

"मीच," ते नजर चुकवत म्हणाले. "नुसतं बघायला. कसं दिसतं ते."

भाभी ताटं उचलत होत्या. त्यांनी एकदा मॉडेलकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी उन्हाच्या आत आम्ही तिघं निघालो. एरंडोल, पारोळा करत धुळ्याचा रस्ता आता चौपदरी झालाय. स्वतःची गाडी असेल तर प्रवास सुखाचा, एसटीही सतत असतात. पारोळ्याच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी सरळच विचारलं, "भाऊ, खरं सांगा. दुसरा कोणी आर्किटेक्ट बघितलाय का?"

"छे हो! तुम्ही म्हणता काच नको, मला पाहिजे. हीच म्हणाली, ज्यांच्याकडे आहे त्यांना जाऊन विचारा."

भाभी बशीत चहा ओतत राहिल्या. माझं समाधान झालं नाही.

धुळ्यात देवपूर भागातलं ते घर लांबूनच डोळ्यांत भरतं. दुमजली काच, करडं काँक्रीट, छताला तरंगता सज्जा. सुंदर होतं, हे मान्य करताना मला जड गेलं. मालक नाना, सत्तरीचे, कापसाचा धंदा आता बंद केलेले. हसतमुखानं त्यांनी दार उघडलं. किशोरभाऊ हॉलच्या मधोमध मान वर करून उभेच राहिले.

मी मात्र खाली बघत होते. दाराशी चपला नाहीत. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत. स्वयंपाकघरात शेगडीवरची कारखान्यातली फिल्म तशीच, आणि फोडणीचा वास कुठेच नाही. पाणी मागितलं, तर नाना फ्रिजकडे न वळता मागच्या दारानं बाहेर गेले. मी हळूच फ्रिज उघडला. आत अंधार. प्लग काढलेला.

आता खात्रीच पटली. हे विकायला काढलेलं नमुना-घर असणार आणि नाना दलाल. किशोरभाऊंना बाजूला घेऊन सांगणार, तेवढ्यात लक्षात आलं की भाभी कुठे दिसत नाहीत.

त्या मागे होत्या. कंपाउंडला लागून दोन खोल्या, वर पत्रा, त्यावर ओलं गोणपाट, दारात कडुनिंब. आत नानांच्या बायको, अक्का, भाकरी थापत होत्या आणि भाभी शेजारी पाटावर बसून गप्पा मारत होत्या. कालपासून मी ऐकला नव्हता इतका त्यांचा आवाज मोकळा होता.

"अक्का, तुम्ही इथे राहता?" मी विचारलं.

"आम्ही आठेच ऱ्हातस," अक्का म्हणाल्या. "ते घर पाव्हणासाठे शे. ती काच बठ्ठं ऊन मझार लई येस. दुपारले पाय ठेवता येत नही."

किशोरभाऊ मागे येऊन उभे होते. घर पाहुण्यांसाठी आणि काच सगळं ऊन आत आणते, हे त्यांनीही ऐकलं. नाना पाण्याचा तांब्या घेऊन मधेच थांबले.

"मग नाना, बांधलं कशाला?"

नानांनी लाजल्यासारखं हसून सांगितलं, "पोरं बाहेरदेशी. त्यांनीच चित्र पाठवलं, हौसेनं. दिवाळीला येतात तेव्हा नातवंडं वरून खाली धावतात. ते चार दिवस घर शोभतं हो."

मी जिंकले होते, पण तसं काही वाटेना. अक्कांनी हात धुतले आणि आग्रहानं आम्हाला पुन्हा पुढे नेलं. भर दुपारी तिथले सगळे दिवे लावून दाखवले, एकेक बटण दाबत. त्यांच्या चेहऱ्यावर तक्रार शोधली. सापडली नाही. काचेजवळ उभी होते, तर ब्लाऊज पाठीला चिकटला.

परतताना पारोळ्याला शेवभाजी खाल्ली. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा, नाहीतर ताक मागवत बसाल. भाभींसाठी कांदा-लसूण न घालता वेगळी करून दिली. किशोरभाऊंनी रश्शात भाकरी कुस्करली. मग म्हणाले, "काच उत्तरेला घेता येईल?"

"येईल."

"आणि मॅडम," भाभी पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलल्या, "मला एक खोली अशी द्या, की पाहुणे आले तरी मला तिथून उठावं लागणार नाही."

किशोरभाऊंनी घास हातात ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, हे त्यांना नवीन होतं. खरं तर मलाही. तीनदा नकाशे बदलले, पण भाभींना मी काही विचारलंच नव्हतं.

नाशिकला आल्यावर उत्तरेची काच एका बैठकीत बसली. त्या एका खोलीला मात्र आठवडा गेला. जिना सरकवला, हॉल लहान केला. किशोरभाऊंनी कुरकुर केली नाही. का केली नाही, याचा संशय मी या खेपेला घेतला नाही.

परवा त्यांनी फोटो पाठवला. प्लॉटवर चुन्याची आखणी झाली आहे, भिंत अजून एकही नाही. आग्नेयेच्या लहान चौकोनात, त्यांच्या त्या खोलीच्या जागी, प्लॅस्टिकची खुर्ची टाकून भाभी बसल्यात. आखणीबाहेर चार-पाच नातेवाईक उभे आहेत. भाभी चहा पिताहेत, उठलेल्या नाहीत.