सासूला अर्धा खर्रा, सुनेला पुरा

“दाराच्या फटीतून उजेड कोनाचा येऊन राह्यला बे? मोबाईल खिशात घाल, नाही त फोटोबी जाईन अन् तूबी जाशीन.”

नानाजी आपल्या फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीतून ओरडत होते. आवाज असा, की राळेगावच्या स्टँडवरून सुटलेली एसटी ड्रायव्हरनं मागं घेतली असेल. मी मोबाईल खिशात घातला. शेजारी विमलकाकू तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. आत त्यांचा नवरा होता. म्हणजे, रिळावर.

मधुकरकाकांनी जन्मभर दुसऱ्यांचे फोटो काढले, त्यामुळे स्वतः कशातच नाहीत. ते गेल्यावर हार घालायला फोटो सापडेना. आधार कार्डावरचा पाहून काकू म्हणाल्या, “हा कोन?” मग पेटीतल्या कॅमेऱ्यात जुनं ब्लॅक अँड व्हाइट रीळ निघालं. “शेवटचा फोटो जोडीचा आहे. बटन मीच दाबलं होतं,” नानाजी छातीठोकपणे म्हणाले.

नानाजींकडे फिल्म धुवायची दोन औषधं असत. जहाल होतं त्याचं नाव सासू, संथ होतं त्याचं सून. “सासू झटक्यात काम करते, पन सारं खरखरीत. सून वेळ घेते, पन चेहरा राखते.” वेळ मोजायची ती सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळून. सासूला अर्धा, सुनेला पुरा. “अंधारात घड्याळ दिसत नाही. खर्रा दिसावं लागतच नाही.” आमच्याकडे मे महिन्यात टाकीच्या पाण्यात डाळ टाकली तर जेवणापर्यंत वरण तयार. म्हणून औषधाचं भांडं ते माठातल्या पाण्यात बसवत. “तापली का सूनबी सासूच होते.”

इतकं जुनं रीळ कोणाला मानेल, ठाऊक नव्हतं. नानाजींनी सुरुवातीची चार बोटं कापून सासूला दिली. पट्टी बाहेर आली ती तव्याच्या बुडासारखी काळी.

“ते पारखाले होतं, माय. आता सून.” पुरा खर्रा गालात धरून ते आत गेले.

खर्रा तोंडात असला की नानाजी बोलत नसत, आणि नानाजी गप्प असण्याची राळेगावला सवय नाही. समोरची चक्की थांबली. कावळे थांबले. माझ्या मते पृथ्वीसुद्धा थोडी अडखळली. काकूंनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी भरल्यासारखा वळ उठला. शेवटी आत पिंक पडली.

बऱ्याच वेळानं नानाजी ओलं रीळ घेऊन खिडकीशी आले आणि तिथंच उभे राहिले. जोडीचा फोटो शेवटचा नव्हता. पहिला होता. कात्री बरोबर दोघांच्या मधून गेली होती. काका सुनेकडे, मिशीसकट स्वच्छ. काकू तव्याच्या बुडात.

“माय, माह्याच हातानं तुमाले कापलं,” ते म्हणाले. त्यांचं बोलणं ऐकायला मला जन्मात पहिल्यांदा कान पुढं करावा लागला.

काकूंनी ओलं रीळ उजेडात धरलं.

“हे आले ना बराबर?”

“आले.”

“मंग झालं. मी त घरीच हावो.”