न उचलायचा फोन

अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मोबाईल घेऊन दिला तेव्हा मी कॉलेजात होते. इन्सुलिन घेणारा माणूस आमच्या मळमड्डीहून उणकलला बहिणीकडे बसने एकटाच जाणार. डॉक्टरांनी बजावलं होतं की वाटेत काही झालं तर परक्यालाही चटकन सापडेल असा घरचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर ठेवा. मी ‘घर’च्या आधी दोन ‘ए’ जोडून ते यादीत पहिलं आणलं. फोनच्या पाठीवर, आमच्या भागातल्या कुणालाही वाचता यावी म्हणून, कन्नडमध्ये चिठ्ठी चिकटवली: साखर उतरते, गोड द्या. फोन अगदी तयार झाला.

पण अप्पांचा फोन बोलण्यासाठी नव्हताच, मिस्ड कॉलसाठी होता. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे परत निघालो. उचलायचा नाही, ही सक्त ताकीद.

त्या दुपारी घरच्या फोनवर त्यांचा नंबर उमटला आणि रिंग थांबेचना. आई हात पुसत आली.

“हे आता काय म्हणायचं गं? दोनाच्या वर गेल्या की!”

“बंद करायला विसरले असतील.”

“का जेवूनच येणार म्हणतात?”

रिंग थांबली. पुन्हा सुरू झाली. मी रिसीव्हरवर हात ठेवला तशी आई ओरडली, “उचलू नको! आल्यावर मला बोलतील.” मीही हात काढून घेतला. काय चाललंय ते काही केल्या कळेना, आणि उचलून विचारायचं धाडस दोघींपैकी एकीलाही होईना.

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आईचं डोकं फिरलं. फोन उचलून ती खेकसलीच, “किती वाजवताय हो!”

“मन्याग यारू इल्लेन्री?” घरात कुणीच नाही का, असं विचारणारा तो बसचा कंडक्टर होता. अप्पा सीटवरून घसरले होते. चिठ्ठी वाचून एका बाईंनी त्यांना गुळाचं पाणी पाजलं होतं आणि बस दवाखान्यापाशी उभी होती.

आम्ही धावत गेलो. मी अप्पांना आमचा गोंधळ सांगू लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“तोंडातून शब्द फुटत नव्हता, पण ऐकू येत होतं,” ते म्हणाले. “कंडक्टर सगळ्यांना सांगत होता, यांच्या घरी कुणी नाही. मला ठाऊक होतं, तुम्ही दोघी फोनपाशीच उभ्या आहात.”

मला रडू आलं. आई चादर सारखी करत राहिली.

पुढच्या खेपेला ते उणकलला पोचले तेव्हा आईने पहिल्याच रिंगला फोन उचलला. मी शेजारी कान लावून उभी होते. मिस्ड कॉल द्यायला निघालेले अप्पा पार गोंधळले.

“कोण?” त्यांनी विचारलं.

“मी,” आई म्हणाली. “पोचलात?”

“पोचलो की.”

मग दोघांनाही पुढे काय बोलायचं ते कळेना. पण फोन कुणीच ठेवला नाही.